अर्धवट तुकड्यांची रांग

प्लास्टिक वाहतं, हे लोकांना पटत नाही. "मग काय, बादली वाहते का?" असं माझ्या मावसबहिणीनं एका लग्नात विचारलं होतं आणि सगळी पंगत हसली होती. मीही हसले. अशा वेळी हसून घ्यायचं असतं, हे मी पीएचडीच्या पहिल्याच वर्षात शिकले. बादली वाहत नाही, बाई. पण बादली होण्याआधी ती तापलेल्या नळीतून दाट रस होऊन साच्यात घुसलेली असते, आणि त्या क्षणभरात ती कशी वाहिली यावर ती पुढे कुठे फुटणार हे ठरतं. मला तो क्षण बघायचा होता. त्यापायी माझी चांगली वर्षं गेली आणि पंगतीला हसायला एक विषय मिळाला.

माझ्या प्लास्टिकमध्ये ग्राफीन होतं. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचाच भाऊबंद, फक्त इतके पातळ पापुद्रे की डोळ्यांना दिसायचे नाहीत. ते थोडेसे मिसळले की साधं प्लास्टिक चिवट होतं, ताकद वाढते, उष्णता वाहून न्यायला लागतं. जाहिरात इथपर्यंतच सांगते. पुढचं असं की हे पापुद्रे एकमेकांना धरून बसतात आणि रस घट्ट होतो. मागून जोर लावला की ते प्रवाहाच्या दिशेनं आडवे होतात, एकमेकांवरून घसरतात आणि रस पळतो. जोर कमी पडला की पुन्हा अडून बसतात. शिवाय उष्णता लवकर निघून गेल्यामुळे साच्याच्या थंड भिंतीला टेकलेला रस आधीच गोठतो. पिठल्यात बेसन जास्त झालं की मधलं हलत राहतं आणि कडेचं कढईला धरून बसतं, तसं. हे पिठल्याचं उदाहरण मी एकदा बाबांना दिलं होतं. ते "अच्छा" म्हणाले आणि त्यांनी पेपराचं पान उलटलं.

बाबा खमरियाच्या लष्करी सामानाच्या फॅक्टरीत होते. सगळी नोकरी तपासणी विभागात. आलेला माल मापात आहे की नाही ते बघायचं, आहे तो पुढे पाठवायचा, नाही तो बाद करायचा. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि आम्ही शहरात कांचघरला राहायला आलो. आई तोवर गेली होती. घरात बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही याची उत्तरं नातेवाइकांनी आपापली तयार करून ठेवलेली आहेत, त्यामुळे मला ती द्यावी लागत नाहीत.

मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कंत्राटावर शिकवत होते. कंत्राटी बाईला कॉलेजात सगळे मॅडम म्हणतात आणि दर उन्हाळ्यात तिची मॅडमकी संपते. मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच प्राचार्य जणू पहिल्यांदाच बघताहेत असे चष्म्यावरून बघणार. पीएचडी झाली की पक्की जागा, असं मला सांगितलेलं होतं. म्हणजे माझं सगळं त्या एका प्रबंधावर टेकलेलं होतं: नोकरी, बाबांचं म्हातारपण, पंगतीतलं हसणं बंद होणं, सगळंच.

प्रबंधाचा जीव एका प्रकरणात होता. साच्यात रस कसा पुढे सरकतो हे बाहेरून दिसत नाही, साचा लोखंडाचा असतो. म्हणून एक युक्ती करतात. साचा पुरता भरूच द्यायचा नाही. मुद्दाम रस कमी सोडायचा. पहिला तुकडा अगदी थोडका, पुढचा त्याहून जरा मोठा, असं करत करत शेवटी पूर्ण तुकड्यापर्यंत जायचं. सगळे ओळीनं मांडले की रस कुठे पळाला, कुठे अडला, कुठे गोठला ते डोळ्यांसमोर येतं. अशा अर्धवट तुकड्याला शॉर्ट शॉट म्हणतात. कारखान्यात तो चुकून निघतो, मशीनवाल्याला शिवी मिळते आणि तुकडा चुरा व्हायला ग्राइंडरमध्ये जातो. माझ्या कामात तोच सोन्यासारखा. पूर्ण तुकडा माझ्या काही कामाचा नव्हता. तो काळा, गुळगुळीत, देखणा निघतो आणि आत काय झालं त्याचा पत्ता लागू देत नाही.

ग्राफीन मिसळलेले दाणे सरांच्या ओळखीनं भोपाळच्या एका प्रयोगशाळेतून आले होते. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, निवृत्तीला टेकलेले. मार्गदर्शन म्हणजे सही, अशी त्यांची साधी समजूत होती. दाणे थोडेच होते आणि पुन्हा मिळणार नाहीत हे आधीच बजावून सांगितलं होतं. साच्यात रस ढकलणारं मशीन आमच्या कॉलेजात होतं, पण ते फक्त तपासणीची समिती आली की पुसायचं असा नियम होता. म्हणून मी रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपवाल्याला गळ घातली. तो प्लास्टिकचे डबे-झाकणं काढायचा. काळा माल एकदा मशीनमधून गेला की पुढे कितीतरी वेळ पांढऱ्या झाकणांवर काळे ठिपके येतात, म्हणून तो आधी नाहीच म्हणाला. मग रविवारी, कामगारांची सुटी असताना, स्वतः मशीन चालवून देतो म्हणाला.

बाबा म्हणाले, मी येतो. एकटी कशाला जाते, मी बसतो बाजूला. मला बरं वाटलं. माझ्या कामाच्या जागी ते पहिल्यांदाच येत होते. स्कूटीवर मागे दाण्यांची पिशवी मांडीवर धरून बसले होते, लहान मूल धरावं तशी.

सकाळ सुरेख गेली. सुरेख हा शब्द मी सहसा वापरत नाही. मालक मशीन चालवत होता, मी रसाचं माप थोडं थोडं वाढवत होते, आणि एकेक तुकडा हातात येत होता, गरम, काळा, अर्धवट. साचा साधा होता: एक चपटी पाटी आणि तिच्या बाजूला निघालेली एक पातळ पट्टी. मी आधी कॉम्प्युटरवर हेच चालवून पाहिलं होतं, आणि सॉफ्टवेअर म्हणालं होतं की पाटी आणि पट्टी बरोबरच भरतील. तुकडे वेगळंच सांगत होते. रस पट्टीच्या तोंडाशी यायचा आणि थांबायचा. पाटी पुढे भरत जायची, पट्टीतला रस तिथल्या तिथे गोठायचा. शेवटी सगळी पाटी भरली, दाब वाढला, की नवा रस त्या गोठलेल्या गोळ्यावरून पुढे ढकलला जायचा. वरून सगळं एकसंध, आत सांधा. म्हणजे ताकदीसाठी जे घातलं त्यानंच तिथे कमजोरी केली होती, आणि पूर्ण तुकडा बघून ते कोणाला कधी कळलं नसतं. मला ते कळलं होतं. माझ्या हातात होतं. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की इतकी वर्षं फुकट गेली नाहीत.

प्रत्येक तुकड्यावर रस जिथे अडला तिथे मी लाल रंगाचा ठिपका दिला, नंतर तिथेच कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं म्हणून. टेबलावर ओळीनं मांडले. मोबाइलवर फोटो काढले, पण काळ्या तुकड्यांवर ट्यूबलाइट चमकून फोटोत नुसती चकाकी आली. म्हटलं, फोटोचं काय, तुकडे आहेत ना. शेवटचे काही पूर्ण तुकडे काढले आणि दाणे संपले.

तेवढ्यात सरांचा फोन आला. आत आवाज होता म्हणून मी बाहेर गेले. मालकाचं कोणी गिऱ्हाईक फाटकाशी आलं होतं, तोही तिकडे गेला. सर त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला स्टेजवर कोण कोण बसेल याबद्दल बोलत होते आणि मी हो सर, जी सर करत होते. आतून ग्राइंडरचा घरघराट ऐकू येत होता. वर्कशॉपमध्ये कसले ना कसले आवाज असतातच.

परत आले तर टेबल स्वच्छ पुसलेलं. पूर्ण तुकडे तेवढे रुमालानं चकचकीत करून पेपरात गुंडाळून ठेवलेले. बाबा ग्राइंडरजवळ उभे राहून हात झाडत होते.

"झालं बेटा," ते म्हणाले. "सगळं साफ करून टाकलं."

"काय साफ केलं?"

"खराब माल. चांगले बाजूला काढून ठेवले ना तुझ्यासाठी."

ग्राइंडरच्या खालच्या ट्रेमध्ये काळा चुरा पडला होता. त्यात कुठे कुठे लाल.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते मला त्या दिवशी समजलं. "काहून केलं बाबा तुम्ही असं? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? हात काहून लावला?" मी ओरडले. मालक धावत आला, त्यानं ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, शॉर्ट शॉट तो ग्राइंडर में ही जाता है. बाबूजी ने क्या गलत किया?" बाबा मान खाली घालून उभे राहिले. तो चुरा पुन्हा वितळवून चालला नसता. ग्राइंडरमध्ये पापुद्रे मोडतात, माल तो राहत नाही. दुसरे दाणे नव्हते.

रात्रीपर्यंत माझा राग उतरला, कारण मला एक कारण सापडलं. बाबांच्या फॅक्टरीत बाद मालावर लाल रंग मारायचे. लाल मारला की तो तुकडा चांगल्यात चुकून मिसळू नये म्हणून तिथल्या तिथे मोडून टाकायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. आणि मी मूर्खासारखा लाल रंगच वापरला होता. हाताची सवय, दुसरं काय. सवयीवर माणूस किती रागावणार? मी त्यांना तसं म्हटलंही, जाऊ द्या बाबा, तुमचा काही दोष नाही. त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

सरांना सांगितलं तर ते हसले. "अरे तो क्या हुआ? सॉफ्टवेयर के पिक्चर लगा दो. रंगीन भी आते हैं."

"सर, सॉफ्टवेयर उल्टा बता रहा है."

"किसको पता है?"

"मुझे पता है, सर."

यावर त्यांनी चहा मागवला. हे प्रकरण आत्ता दिलं नाही तर मी निवृत्त होईन, मग नवा मार्गदर्शक शोध, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. मी चित्रं लावली. खाली एक ओळ लिहिली की ही चित्रं फक्त गणिताची आहेत, प्रत्यक्ष तुकड्यांशी ताडून पाहिलेली नाहीत आणि तुकडे वेगळं दाखवत होते. बांधून आलेल्या प्रतीत ती ओळ नव्हती. सरांनी भाषा सुधारली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते, मांडीवर खोव्याच्या जिलबीचा डबा. सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाबांना कामापुरतं इंग्रजी समजतं, बाकीचं ते चेहऱ्यांवरून लावतात. परीक्षक भले माणूस होते. रंगीत चित्रं बघून त्यांनी विचारलं, हे ठीक, पण शॉर्ट शॉट काढले होते का? ते अर्धवट तुकडे कुठे आहेत?

सर उभे राहून म्हणाले, हो, हो, ताडून पाहिलं आहे. परीक्षक माझ्याकडेच बघत राहिले. मी म्हटलं, नाही. तुकडे काढले होते, ते नष्ट झाले, माझ्याकडे एकही नाही. आणि त्यांत जे दिसलं ते या चित्रांच्या उलट होतं. सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्यांच्या समारंभात मी स्टेजवरून पडले आहे. परीक्षकांनी शांतपणे सांगितलं की प्रयोग पुन्हा करा, तुकडे घेऊन या, तोवर हे प्रकरण मी मान्य करू शकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. मला त्यांचा आजही राग नाही.

पुढचं थोडक्यात आटोपते, कारण त्यात नवीन काही नाही. भोपाळहून दाणे आले नाहीत, कारण ते मागायचं पत्र सरांनी दिलं नाही. सर निवृत्त झाले, समारंभ छान झाला म्हणे. उन्हाळ्यात माझं कंत्राट संपलं आणि ते दुसऱ्या एकाला मिळालं, ज्याची पीएचडी झालेली होती. त्याचा प्रबंध मी वाचला आहे. सगळी चित्रं रंगीत आहेत. मी आता दीक्षितपुऱ्यात एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. प्रवाहाचं प्रकरण आलं की मुलं विचारतात, मॅडम, यावर पेपरात काय येतं. मी जे येतं ते सांगते.

पण मला सांगायचं आहे ते त्या परीक्षेच्या दिवसाचं, घरी आल्यानंतरचं.

दुपार होती. मी चप्पल घालूनच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. बाबांनी चहा टाकला, कप माझ्या हातात दिला आणि समोर स्टुलावर बसले. बराच वेळ काहीतरी बोलू बोलू करत होते.

"काहून सांगितलं बेटा तू?" शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"त्या खराब तुकड्यांचं. समजलं ना मला, तेच विचारून राहिले होते ते. कोणाला पत्ता लागला असता? मी तर एक पण ठेवला नव्हता."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर लाल रंग पाहून टाकले होते ना?"

"रंगाचं काय आहे त्यात? मी सकाळपासून पाहून राहिलो होतो. एक अर्धा निघाला, दुसरा अर्धा, तिसरा पण अर्धा. तो मालक पण पाहून राहिला होता. म्हटलं, पोरीला जमून नाही राहिलं. सरांनी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? मग तू फोनवर गेली तर पटकन टाकून दिले. चांगले तेवढे ठेवले." ते थांबले. "तू रागावली तेव्हा पण मी चूप राहिलो. म्हटलं, मालकासमोर लाज वाटली असेल तिला."

माझ्या बाबांनी मला कधी मारलं नाही, कधी आवाज चढवला नाही. नववीत गणितात नापास झाले तेव्हा त्यांनी पेपर घडी करून खिशात घातला आणि आईला कळूही दिलं नाही. मी त्यांना देवमाणूस म्हणायचे. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून मला दिसलं की ते जन्मभर माझं काहीतरी झाकतच आले होते. पुढ्यात अर्ध्या तुकड्यांची अख्खी रांग लागली, एकाहून एक थोडा मोठा, इतकी नीट की आंधळ्यालाही हाताला लागावी, आणि जन्मभर माप घेतलेल्या या माणसाच्या मनात एकदाही आलं नाही की हे हिनं ठरवून केलं असेल. हिला येत नाही, हेच आलं. आणि त्याचं त्यांना नवलही वाटलं नाही. सरांनी ओळ खोडली त्याचं मला इतकं लागलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "ते मी मुद्दाम अर्धे काढले होते."

"मुद्दाम?"

"हो. तेच काम होतं माझं. पूर्ण तुकड्यांत काहीच नव्हतं. जे होतं ते अर्ध्यांत होतं."

मग मी सगळं सांगितलं. साचा, पट्टी, अडलेला रस, ठिपके. कप खाली ठेवून, हातांनी दाखवत, पहिलीच्या मुलाला सांगावं तसं. त्यांनी पेपर उघडला नाही. मध्ये बोलले नाहीत. इतकं मन लावून त्यांनी माझं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. माझं संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, समजलं. आता समजलं त्यांना.

ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हो बेटा," ते म्हणाले, "मुद्दामच केलं तू. तू नको काळजी करू. मी कोणाला नाही सांगितलं, सांगणार पण नाही."

ते शब्दाचे पक्के आहेत. आजपर्यंत त्यांनी कोणालाही सांगितलेलं नाही.